जिभेला लागेल एवढं

आमच्याकडे मिठाचं माप जिभेवर होतं. स्वयंपाकघरातल्या नव्हे, माशांच्या मिठाचं. माझे सासरे शोभेचे मासे पैदा करतात आणि या धंद्यातले सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. माशाला जखम झाली, अंगावर कापसासारखी पांढरी बुरशी धरली, लांबून आलेला मासा दमलेला दिसला, की औषध एकच: टाकीत मीठ. किती? तर जिभेला लागेल एवढं. उस्ताद मूठभर खडे टाकायचे, हाताने पाणी ढवळायचे, बोट बुडवून जिभेच्या शेंड्याला लावायचे आणि डोळे मिटायचे. लागलं तर पुरे, नाही लागलं तर आणखी एक मूठ. त्यांच्या गुरूने त्यांना हेच शिकवलं होतं. त्यांनी माझ्या नवऱ्याला शिकवून पाहिलं, पण त्याला ते पाणी तोंडात घ्यायची किळस येते. मासे त्या पाण्यात काय काय करतात ते पाहिल्यावर मी त्याला दोष देत नाही.

लग्नाआधी मी चष्म्याच्या दुकानात कामाला होते. मासा कुठल्या बाजूने पोहतो एवढंच मला ठाऊक होतं. पण या घरात रिकामं बसलं की उस्तादांच्या कपाळाला आठ्या पडतात, त्यामुळे काही महिन्यांतच मी टाक्यांचा गाळ ओढायला, अंडी धरलेलं शेवाळ वेगळं करायला आणि तळ्यावरून पिसवा गाळून आणायला शिकले.

पिसवा म्हणजे कुत्र्याच्या अंगावरच्या नव्हेत. तळ्यात टाचणीच्या टोकाएवढे जीव असतात, उड्या मारत पोहतात. आम्ही त्यांना पिसवा म्हणतो. अंड्यातून निघालेल्या माशाच्या पिल्लाला काही दिवस तेच लागतं. डब्यातली पूड आणि अंड्याचा बलक घालून बघितलेले लोक आहेत, पण त्यात निम्मी पिल्लं जातात आणि उरलेली वाकडी होतात. पिसवा असतील तर पिल्लं, आणि पिल्लं असतील तर आम्ही, असा सगळा हिशेब आहे.

पिसवांचं तळं शेडच्या मागे आहे. टाक्यांतलं वापरलेलं पाणी नालीवाटे त्यात उतरतं, तिथे निवळतं आणि पंपाने परत टाक्यांत चढतं. पूर्वी तळ्याच्या टोकाला एक फळी होती, ती उचलली की जादा पाणी मागच्या ओढ्यात जायचं. विहीर आटायला लागली तेव्हा नवऱ्याने ती फळी घट्ट बसवून वरून सिमेंट लिंपलं. एक थेंब वाया जाणार नाही म्हणून घरात त्याचं भारी कौतुक झालं. ऊन जेवढं पाणी उडवायचं तेवढं आम्ही विहिरीतून भरायचो, बाकी तेच पाणी फिरत राहायचं.

या हंगामात तळं हिरवं झालं. डब्यातल्या रंगासारखं हिरवंगार, दाट. पिसवा ते हिरवं खाऊन पाणी नितळ ठेवतात. आता खाणारंच कोणी नव्हतं. मी जाळी फिरवायचे आणि वर यायचा तो नुसता बुळबुळीत लगदा. मग एकेक गोष्ट ध्यानात यायला लागली. लव्हाळ्याच्या दांड्यांवर गोगलगायींच्या अंड्यांचे चिकट गोळे असायचे, ते दिसेनात. बेडूक गप्प झाले होते. त्याबद्दल मी खूश होते, कारण ते आमच्या खिडकीखालीच ओरडायचे. डास मात्र भरपूर होते. मासे ठणठणीत होते, त्यामुळे कोणाला काही वाटलं नव्हतं.

आणि नेमकी याच वेळी काळपंखीने अंडी दिली. काळपंखी ही उस्तादांनी स्वतः घडवलेली जात. पंख्यासारखी पसरट काळी शेपटी, अंग तांब्याच्या रंगाचं. ती जमवण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. जोडी म्हातारी झाली होती, पुन्हा अंडी देईल याची खात्री नव्हती. या पिल्लांतून वाचतील त्यांच्यावरच पुढची जात चालणार, नाहीतर ती उस्तादांबरोबर संपणार. पिल्लं निघाली, पोटाखालची बलकाची पिशवी संपवून पोहायला लागली, आणि खायला पिसवा नाहीत.

उस्ताद तळ्यावर आले. वाकून ओंजळीत पाणी घेतलं, जिभेला लावलं, डोळे मिटले.

"पाणी गोडं आहे," ते म्हणाले. "पाण्यात खोट नाही. तुमच्या त्या नव्या खाद्याची पूड उतरलेली असेल."

नवं खाद्य नवऱ्याने आणलं होतं. त्याने ते बंद केलं. काही फरक पडला नाही. पिल्लं तळाशी बसायला लागली तशी उस्तादांनी त्यांच्या टाकीत मीठ घातलं, जिभेला लावलं, आणखी घातलं.

"खालच्याकडे पिसवा असतील," मी एकदा म्हणाले.

नवऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी जीभ चावली. ओढ्याच्या खालच्या वळणावर दुसरा मासेवाला आहे, आम्ही त्याला नुसतं 'खालचा' म्हणतो. तो आणि उस्ताद एकाच गुरूच्या हाताखाली शिकले, आणि मी या घरात यायच्या कितीतरी आधीपासून एकमेकांना पाण्यात पाहतात. भांडण कशावरून झालं ते दोघांनाही धड सांगता येत नाही. खालचा मीठ काट्यावर तोलून टाकतो, एवढ्यावरून उस्ताद त्याला मासेवाला मानत नाहीत. "तो वाणी आहे," असं ते म्हणतात.

त्या दुपारी मला जेवायला उशीर झाला. सासूबाई शिलाईवालीकडे गेल्या होत्या. मोठं पातेलं रिकामं होतं, कारण नवऱ्याला जेवताना घरात आणखी माणसं आहेत याचं भान राहत नाही. चुलीशेजारी एका छोट्या पातेलीत बटाट्याची भाजी झाकून ठेवलेली होती. ती उस्तादांची. त्यांचं जेवण सासूबाई नेहमी वेगळं काढतात आणि स्वतःच वाढतात. मी त्याला जुन्या काळचं प्रेम समजून नवऱ्याला चिडवायचे की बघ, शिक काहीतरी. उस्ताद पिल्लांपाशी बसले होते, ते इतक्यात येणार नव्हते. त्यांच्यासाठी पुन्हा करू म्हणून मी पहिला घास घेतला आणि तसाच मोरीत थुंकला.

भाजी खारट नव्हती. भाजीच्या नावाखाली मीठ होतं. मी घटाघटा पाणी प्यायले, आणि पिता पिताच मला उस्तादांचं टाकीत बुडवलेलं बोट आठवलं.

मी सरळ तळ्यावर गेले. किळस गुंडाळून ठेवली आणि ओंजळभर पाणी तोंडात घेतलं. गोडं? डोळ्यातलं पाणी ओठावर आल्यावर लागतं तसं लागलं.

टेबलाच्या खणात एक पेनाएवढा मीटर पडून होता. पाण्यात किती क्षार विरघळलेत ते तो आकड्यात दाखवतो. नवऱ्याने हौसेने आणला होता, एकदा तळ्यात बुडवला होता, आणि आकडा पाहून 'बिघडलाय' म्हणून टाकून दिला होता. उस्तादांची जीभ गोडं म्हणते आणि मीटर नाही म्हणतो, तर बिघडलेला कोण, हे आमच्या घरात विचारायचीही गरज नव्हती. मी तो विहिरीच्या पाण्यात धरला. बेताचा आकडा आला. मग तळ्यात धरला, आणि आकडा कुठल्या कुठे गेला.

मग सगळं समोर मांडल्यासारखं दिसलं. ऊन पाणी नेतं, मीठ नेत नाही. फळी लिंपल्यापासून टाक्यांत पडलेला प्रत्येक खडा इथेच होता. मोठ्या माशांना त्याचं काही नाही, ते सोसतात. पिसवा सोसत नाहीत, गोगलगायी सोसत नाहीत, बेडकाची पिल्लं सोसत नाहीत. उस्ताद जिभेला लागेपर्यंत घालत होते आणि त्यांना लागतच नव्हतं.

सासूबाई परत आल्या आणि कपड्यांच्या घड्या घालायला बसल्या. मी दार लोटून घेतलं.

"आई, बाबांच्या भाजीत मीठ किती घालता?"

त्यांचे हात थांबले. "तू खाल्लीस?"

"एक घास. पुरला."

त्यांनी हातातला सदरा मांडीवर ठेवला. "त्या मोठ्या तापानंतर यांचं जेवण सुटलं होतं. जे वाढीन ते अळणी. ताट सरकवून उठायचे. अंगावर मांस राहिलं नव्हतं गं. एकदा माझ्या हातून मीठ दोनदा पडलं, तर मागून मागून जेवले. मग मी तसंच करत गेले. हळूहळू वाढवत."

"आणि त्यांना सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? तुमची जीभ गेली म्हणून? बाहेर लोक त्या जिभेला नमस्कार करतात. घरात बायकोने म्हणायचं, की अहो, ती उरलीच नाही?"

मला राग आला होता, पण तो कुणावर काढावा हे कळेना. चष्म्याच्या दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक पहिल्यांदा हेच म्हणतं, की पाटीवरची अक्षरं नीट छापलेली नाहीत. आम्ही वाद घालायचो नाही, भिंग बदलायचो. पुढच्या ओळी आपोआप वाचल्या जायच्या आणि कोणाचा मान जायचा नाही. जिभेला लावायचं भिंग कुठल्या दुकानात मिळत नाही. सासूबाईंनी त्यातल्या त्यात केलेला उपाय होता हा.

"आई, तळ्यातल्या पिसवा मिठाने गेल्या," मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं.

त्या ऐकत गेल्या. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे मी यांना जेवू घातलं आणि तळं मारलं."

यावर नाही म्हणायला हवं होतं. मला जमलं नाही.

"बाबांना मी सांगू का?" मी विचारलं.

"तू नको. तुझ्या नवऱ्याने तर नकोच. मी झाकलंय, मीच उघडते."

संध्याकाळी चौघं जेवायला बसलो. सासूबाईंनी सगळ्यांना एकाच पातेल्यातून वाढलं. उस्तादांनी घास घेतला.

"आज मीठ विसरलीस."

"नाही विसरले. बरोबर आहे."

"अगं, पार अळणी आहे." ते मुलाकडे वळले. "तू सांग."

नवऱ्याला मी आधीच सगळं सांगून ठेवलं होतं. तो ताटात बघत म्हणाला, "बरोबर आहे, बाबा."

उस्ताद हसले. त्यांना वाटलं आम्ही त्यांची चेष्टा मांडली आहे. "सूनबाई, तुला पण सामील केलं वाटतं यांनी?"

"अहो," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी सरळ होता, बाजारातून काय आणायचं ते सांगताना असतो तसा. "त्या तापापासून तुमचं जेवण मी वेगळं काढते. त्यात मीठ जास्त असतं. इतकं, की आम्हाला खाववत नाही. तुम्हाला चव कळत नाही, आणि मी ते तुमच्यापासून लपवलं."

उस्ताद बायकोकडे पाहत राहिले. चिडतील, ताट भिरकावतील असं मला वाटलं होतं. पण ते माझ्याहून हुशार आहेत. मला जे कळायला अर्धी दुपार लागली ते त्यांना एका घासात कळलं.

"मग टाक्या?" ते म्हणाले.

ते उठले, हात न धुताच बाहेर गेले. सासूबाईंनी मला डोळ्यांनी खुणावलं, तशी मी मागोमाग निघाले.

अजून उजेड होता. ते तळ्याच्या कडेला गुडघ्यांवर बसले, ओंजळ तोंडात घेतली, बराच वेळ गालांत धरली आणि थुंकली. पुन्हा घेतली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "इकडे ये. तू सांग."

मला ठाऊक होतं, तरी मी पाणी तोंडात घेतलं. न घेता सांगितलं असतं तर ते ऐकीव झालं असतं.

"खारट आहे, बाबा."

"किती?"

"चटकन कळतं एवढं."

मग आम्ही शेडमध्ये गेलो. टाकीमागून टाकी मी चव घेत गेले आणि ते माझा चेहरा बघत आले. काही विचारत नव्हते. काळपंखीच्या पिल्लांच्या टाकीपाशी मी तोंड वाकडं करायचं नाही असं ठरवलं होतं, पण ते पाणी सगळ्यांत वाईट होतं. मी थुंकले. उस्तादांनी टाकीच्या काठावर हात ठेवला आणि मान खाली घातली.

नवरा पहार घेऊनच आला होता. "फळी फोडतो," तो म्हणाला. "सगळं पाणी ओढ्यात सोडू. विहिरीचं भरू. तळं लगेच गोडं होईल."

"ओढा कुठे जातो?" उस्तादांनी विचारलं.

"खालच्याकडे. मग? तो आपला कोण लागतो?"

"कोणी नाही. पण त्याचं तळं जिवंत आहे. माझं मीठ मी त्याच्या पिसवांच्या बोकांडी बसवू?"

नवऱ्याने पहार भिंतीला टेकवली. मग उस्तादांनीच सांगितलं काय करायचं ते. टाक्यांचं पाणी तळ्यात सोडायचं बंद. तळ्यातलं थोडं थोडं उपसून मागच्या सिमेंटच्या अंगणात पसरायचं, ऊन पाणी नेईल, खाली राहील ते मीठ झाडून पोत्यात भरायचं. तळ्यात विहिरीचं जेवढं मिळेल तेवढं. "पिसवा चिखलात अंडी ठेवून जातात," ते म्हणाले. "पाणी गोडं झालं की उठतील. वेळ लागेल."

पिल्लांना तेवढा वेळ नव्हता. आम्हा तिघांनाही ते दिसत होतं.

"सकाळी खालच्याकडे जाऊ," उस्ताद म्हणाले.

सकाळी त्यांनी पिल्लं स्वतः धरली. टाकीत थेंब थेंब गोडं पाणी सोडून त्यांना आधी सवय लावली, मग पातळ पिशवीत घेऊन वर हवा भरून गाठ मारली. बरीचशी पिल्लं रात्रीच गेली होती. उरली ती ओंजळीत मावतील एवढी. नवऱ्याने येतो म्हटलं तर त्याला नको म्हणाले आणि मला चल म्हणाले. ओढ्याच्या काठाने चालताना मी त्यांच्यासाठी सबबी जुळवत होते. उन्हाळा फार कडक, पंप बिघडला, बाहेरून रोग आला. त्यातली पंपाची चांगली वाटली म्हणून बोलूनही दाखवली.

"हं," उस्ताद म्हणाले.

खालच्याची शेड आमच्याहून मोठी आहे. आत तीन-चार माणसं टाक्या घासत होती, रेडिओ मोठ्याने चालू होता. खालचा उंच स्टुलावर बसून मासे निवडत होता. मी त्याला लांबूनच पाहिलेलं होतं. जवळून तो उस्तादांपेक्षाही म्हातारा दिसला.

"अरे, तू?" तो म्हणाला. "रस्ता चुकलास?"

"काळपंखीची पिल्लं आहेत," उस्तादांनी पिशवी पुढे केली. "तुझ्याकडे ठेव. पिसवा घाल त्यांना."

"आणि तुझ्या पिसवा?"

"माझ्या पाण्यात मीठ झालं," उस्ताद हळू आवाजात म्हणाले.

खालच्याने कानामागे हात धरला. "मोठ्याने बोल. हल्ली ऐकू येत नाही मला."

मला वाटलं, आता तरी पंपाचं सांगतील. ऐकू न येणाऱ्या माणसाला काहीही सांगता येतं. उस्तादांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग छाती भरून श्वास घेतला.

"मीठ झालं! माझ्या पाण्यात!"

घासणारे हात थांबले. खालचा स्टुलावरून उतरला. "तुझ्या पाण्यात? ते कसं?"

"जीभ गेली माझी!" उस्ताद ओरडले. "चव कळत नाही! लागेना म्हणून टाकत गेलो, टाकत गेलो, आणि माझ्या हाताने मी तळं मारलं!"

मधेच कोणीतरी रेडिओ बंद केला होता, त्यामुळे शेवटचं वाक्य शेडभर घुमलं. मला इतकी लाज वाटली आणि त्याच वेळी त्यांचा इतका अभिमान वाटला, की मला रडू आलं. ते दिसू नये म्हणून मी पायातली चप्पल नीट करायला वाकले.

खालच्याने ना काट्याचं काढलं, ना जुनं भांडण. त्याने पिशवी घेतली, उजेडासमोर धरली आणि बराच वेळ बघत राहिला.

"शेपटी छान उतरली आहे," तो म्हणाला. "उपाशी आहेत बिचारी."

त्याने एका माणसाला तळ्याकडे पिटाळलं. एक टाकी रिकामी करून घेतली, पिशवी तशीच त्या पाण्यावर तरंगत ठेवली आणि मग गाठ सोडून पिल्लांना हळूहळू टाकीत उतरू दिलं.

"परत कधी नेशील?"

"तळं गोडं झालं की."

"आणि ते तुला कळणार कसं?"

खवचटपणे नव्हतं विचारलं, खरंच विचारलं होतं. म्हणूनच ते जास्त लागलं. मी उस्तादांकडे बघायचं टाळलं.

"मला नाही कळणार," ते मोठ्याने म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "हिला कळेल. ही म्हणाली गोडं, की नेईन."

खालच्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि बरं म्हणून मान हलवली. तेवढ्यात तो माणूस तळ्यावरून जाळी घेऊन आला. जाळीत पिसवा वळवळत होत्या. खालच्याने ती उस्तादांच्या हातात दिली, आणि उस्तादांनी ती त्याच्या टाकीत बुडवून हलकेच उलटी केली. पहिलं पिल्लू खायला लागेपर्यंत ते दोघंही तिथून हलले नाहीत.